बोरघाटांतील मालगाडी

मालगाडीकडे कोणी हौसेनें पाहत बसलेला आढळत नाहीं. फाटकापाशीं खोळंबलेला मनुष्य तिचे डबे मोजतो, तो केवळ आपला किती वेळ फुकट गेला हें ठरविण्यासाठीं. आम्हांस मात्र हा छंद लहानपणींच जडला. आणि त्याचें कारण बहुधा आमच्या गांवास रेल्वे नाहीं हेंच असावें. वेल्ह्याच्या वाटेवरील विंझर हें आमचें गांव. एकीकडे तोरणा, दुसरीकडे राजगड. डोंगरांची कमतरता नाहीं, पण रूळ म्हणून कोठें दृष्टीस पडावयाचा नाहीं. सुट्टींत कर्जतास मामांकडे गेलों म्हणजे ही उणीव आम्ही भरून काढीत असूं. घाट चढूं पाहणाऱ्या गाडीच्या पाठीशीं तेथें जोडएंजिनें लागत. एक ओढी, दुसरीं रेटीत; आणि भरलेले डबे धाप लागल्यासारखे पळसदरीकडे सरकूं लागत.

इंग्रजी कागदपत्रांत या घाटाचें नांव ‘भोर घाट’ असें पडलें आहे. आम्ही भोर-वेल्ह्याकडचे, त्यामुळें हा घाट आमच्याच भोरचा, अशा समजुतीनें आम्हीं बरेच दिवस उगाच अभिमान बाळगला होता. पण भोर नीरेच्या कांठीं, आणि हा घाट खंडाळ्याहून कोंकणांत उतरणारा. मराठी माणसाच्या तोंडीं तो बोरघाटच होय.

या वाटेवरून माल जातो आहे तो रेल्वेच्या कितीतरी आधींपासून. पूर्वीं बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडे घाट उतरत. सन १८०४ मध्यें जनरल वेलस्ली यानें येथें रस्ता केला तो लष्कराच्या सोयीसाठीं. गाड्यांचा चांगला रस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां, १८३० सालीं, खुला झाला. पुढें १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५६ त ती घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोहोंचली. १८५८ त माथ्यावर खंडाळा व पुणें हीं जोडलीं गेलीं, आणि १८६० सालीं रूळ सोलापुरास जाऊन भिडले. मधला घाट तेवढा राहिला. देशावरून मुंबईस निघालेला माल खंडाळ्यास उतरवावा, गाड्यांनीं खालीं न्यावा आणि खोपोलीस पुन्हां डब्यांत भरावा, असा हा द्राविडी प्राणायाम होता.

घाटाच्या कामास १८५६ च्या आरंभीं हात लागला. जेम्स बर्कली हा मुख्य इंजिनियर; फेव्हिएल नांवाच्या कंत्राटदारानें काम घेतलें आणि १८५९ सालीं सोडून दिलें. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हा विलायतेहून आला, परंतु थोड्याच दिवसांत आजारानें मरण पावला. तेव्हां त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट आपल्या नांवें पुढें चालविलें, आणि ॲडम्सन व क्लाउसर या दोघां इंजिनियरांच्या हातून काम तडीस नेलें. सुमारें पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांमागें एक फूट इतका उभा चढ! २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें त्याचा उद्घाटनसमारंभ झाला.

“बोरघाटांतील रेल्वे कोणीं बांधली?” असा प्रश्न आम्हीं एकदां वर्गांत विचारला. सर्व वर्गानें एकमुखानें उत्तर दिलें, “इंग्रजांनीं!” उत्तर चुकीचें नव्हतें, पण पुरें होतें काय? भांडवल विलायतेंतील भागीदारांचें खरें. परंतु त्यावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती, आणि तिचा बोजा अखेर येथील रयतेच्या कराच्या पैशावर पडे. कौशल्य बर्कलीचें, त्याविषयीं वाद नाहीं. मात्र कडा फोडला तो कोणीं? १८६१ सालीं या घाटांत बेचाळीस हजारांपर्यंत माणसें राबत होतीं. कमरेस दोर बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाचीं भोंकें पाडणारे, दगड घडविणारे आणि पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्या, सारे यांतच आले. पटकीची सांथ आली कीं वस्त्या ओस पडत. त्यांतून मजुरी वेळेवर हातीं पडेल ही शाश्वती नसे. जानेवारी १८५९ मध्यें थकलेल्या मजुरीवरून येथें दंगा उसळला. मजुरीच्या अशा तंट्यांच्या निकालासाठीं १८६० सालीं सरकारास कायदा करावा लागला. फेव्हिएल, ट्रेडवेल यांचीं नांवें आम्हांस पुस्तकांत सहज सांपडतात. त्या बेचाळीस हजारांपैकीं एकाचेंही नांव आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगूं शकत नाहीं.

रस्ता झाला तरी घाट कह्यांत आला असें नव्हे. १८६७ सालीं घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला. मध्यंतरीं एका ठिकाणीं गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोंकास लावावें लागे. ही अडचण नवा मार्ग काढून १९२९ च्या सुमारास दूर झाली, आणि त्याच वेळीं विजेचीं एंजिनें आलीं. मालगाडीच्या बोजड, सांध्यांवर वळणाऱ्या एंजिनास रेल्वेंतील लोक ‘खेकडा’ म्हणत. आतां तो दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत विसांवला आहे.

पाहणाऱ्यास चढण मोठी वाटते. जाणत्यास मात्र भीति उताराची. ब्रेक सुटलेली भरली गाडी आवरणार कोण? म्हणून उतारावर जागोजाग चढावर जाणारे आंधळे फांटे काढून ठेवले आहेत. सांधा एरव्हीं त्या फांट्याकडेच वळलेला असतो. गाडी आपल्या ताब्यांत आहे हें ड्रायव्हरनें आधीं दाखवावें, मगच त्यास मुख्य मार्ग मिळावा, असा हा नियम. विश्वासापूर्वीं पुरावा मागणारी ही शिस्त आम्हां इतिहासाच्या लोकांसही घेण्याजोगी आहे.

खेकड्याच्या अंगीं आणखी एक गुण होता. उतार उतरतांना तो वीज निर्माण करून तारेंत परत सोडी, आणि ती चढावरच्या गाडीच्या कामीं येई. खालीं जाणाऱ्याच्या भारानें वर जाणारा चढावा, ही गोष्ट मामांनीं प्रथम सांगितली तेव्हां आम्हांस ती चमत्कारिक वाटली होती. आज खंडाळ्यास उभे राहून डबे मोजतांना ती आठवते. विंझरास रेल्वे नसली, तरी तेथील दुकानांत येणारा किती माल असल्या वाटांवरून आला असेल! तो घेतांना त्या बेचाळीस हजारांची आठवण कोणास होत नाहीं. आम्ही मात्र आतां वर्गांत तो प्रश्न विचारतों तेव्हां पहिल्या उत्तरावर थांबत नाहीं, “आणखी कोणीं?” असें पुन्हां विचारतों.