सांसर्गिक रोग कायदा (१८६८) आणि मुंबईतील वेश्यांचे आरोग्य

१८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आली आणि उपदंश व परमा या रोगांमुळे इस्पितळात पडून राहणाऱ्या शिपायांचा प्रश्न सरकारला भेडसावू लागला. १८६४ च्या छावणी कायद्याने छावण्यांतील वेश्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. १८६८ च्या चौदाव्या अधिनियमाने तीच पद्धत शहरांना लागू करण्याची सोय केली. मुंबईत हा कायदा १८७० ते १८७२ व पुढे १८८० ते १८८८ असा दोन टप्प्यांत अमलात होता. पहिल्या टप्प्याच्या शेवटास नैतिक आक्षेपापेक्षा खर्च कोणी सोसावा हा सरकार व नगरपालिका यांच्यातील वाद अधिक कारणीभूत होता, ही बाब बोलकी आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख मात्र त्या स्त्रियांच्या प्रकृतीवर आहे. रोगग्रस्त ठरलेल्या स्त्रीस 'लॉक हॉस्पिटल'मध्ये सक्तीने ठेवले जाई. उपदंशावरील प्रमुख औषध पारा हे होते. त्याच्या अतिसेवनाने लाळ गळणे, हिरड्या सुजणे, दात हलणे असे विकार जडत. म्हणजे उपचार हीच एक व्याधी होती. निदानाची स्थितीही याहून बरी नव्हती. परम्याचा जंतू १८७९ मध्ये, तर उपदंशाचा १९०५ मध्ये सापडला. उपदंशासाठीची रक्तपरीक्षा १९०६ ची. तोपर्यंत वैद्य डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच निर्णय देत. सुप्तावस्थेतील रोग त्यातून सहज निसटे, आणि साधा श्वेतप्रदरही संशयास पात्र ठरू शके.

सर्वात मोठी उणीव कायद्याच्या रचनेतच होती. तपासणी केवळ स्त्रीची होई, तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची नाही. परिणामी बरी होऊन परतलेल्या स्त्रीस पुन्हा लागण होण्याचा मार्ग खुलाच राही. अनेकींनी नोंदणी टाळली, वस्ती बदलली किंवा हद्दीबाहेर आश्रय घेतला. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. तपासणीची विटंबना आणि बुडणारी रोजची कमाई पाहता तो व्यवहारी निर्णय होता. मात्र दडून राहिल्याने त्या ऐच्छिक उपचारासही मुकल्या.

इंग्लंडात जोसेफिन बटलर यांच्या चळवळीमुळे तेथील कायदे १८८६ मध्ये रद्द झाले आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातील कायदाही गेला. तपासणीची दिशा मात्र बदलली नाही. १९८६ मध्ये भारतातील एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद झाली, ती मद्रास येथे सुधारगृहात ठेवलेल्या वेश्यांच्या रक्ततपासणीतून.