धुळे शहरी एक दिवस

सुट्टी जवळ आली की आपल्या घरोघर एकच खल सुरू होतो : यंदा कोठे जावयाचे? थंड हवेची ठिकाणे खिशास पेलत नाहीत, क्षेत्राच्या ठिकाणी उभे राहावयास जागा मिळत नाही, आणि मुले तर घरी बसावयास राजी नसतात. अशा वेळी मी आमच्या जळगावकर मंडळींस सांगत असतो, की पहाटे उठून बसस्थानकावर जावे आणि धुळ्याच्या गाडीत बसावे. अंतर सुमारे ९० किलोमीटर, वाटेत एरंडोल व पारोळे ही जुनी गावे. पासष्टी ओलांडलेल्यांस एस. टी.त अर्धे तिकीट पडते. २०२३ सालापासून स्त्रियांसही अर्धेच पडते. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, म्हणजे गाडीभाड्याखेरीज दिवसाकाठी फारसा खर्च उरत नाही. पायी हिंडण्याची मात्र तयारी हवी.

यावर पुष्कळजण नाक मुरडतात. धुळ्यात धुळीवाचून आहे काय, असा त्यांचा सवाल असतो. ताजमहालासारखे एखादे नेत्रदीपक स्थळ तेथे नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. पण आपल्या बहुतेक गावांची जन्मवेळ दंतकथेच्या धुक्यात हरवलेली असताना, ज्याच्या वाढीचा आरंभ सालासह सांगता येतो असे हे एक शहर आहे. आणि ते कोणी वसविले याविषयी खुद्द धुळ्यातही जी समजूत रूढ आहे, ती तपासून पाहण्यासारखी आहे. ती तपासण्याचे साधन आपले दोन पाय.

दिवसाचा आरंभ पांझरेच्या काठी करावा. खानदेशातील कित्येक घराण्यांची कुलदेवता एकवीरा हिचे मंदिर येथेच आहे. देवीचे दर्शन झाल्यावर क्षणभर नदीकडे पाहावे. आज तिचे पात्र पाहून मन प्रसन्न होईलच असे नाही. तथापि जुने धुळे या नदीच्या जिवावर जगले. पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी शेतास द्यावयाचे, एका फडात एका वेळी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणीवाटप गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करावयाचे, अशी ही फडपद्धत इंग्रजांच्या आगमनापूर्वीपासून चालत आली आहे. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे पाहिले, तेव्हा त्याला नदी आणि पाट यांच्यामध्ये दाटून बसलेले, सभोवती बागाईत असलेले एक लहानसे गाव आढळले. गावात घरे ४०१ आणि माणसे २,५०९. आपल्याकडील एखाद्या मोठ्या विद्यालयात याहून अधिक मुले असतात!

असे हे गाव जिल्ह्याचे ठाणे म्हणून का निवडले गेले? त्या काळच्या खानदेशाची दैना ध्यानात घेतल्यावाचून याचे उत्तर मिळत नाही. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला. पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस झाली. पुढे पंधरा वर्षे अरब शिपाई, पेंढारी आणि डोंगरात ढकलले गेलेले भिल्ल यांच्या धुमाळीत रयतेस कोणी वाली उरला नाही. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह होऊन खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि त्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यातील अरबांचा प्रतिकार मोडला. ब्रिग्जच्या हाती आला तो असा भग्न मुलूख. धुळे त्याच्या साधारण मध्यावर होते, आणि मुंबईहून आग्र्यास जाणारी वाट येथूनच जात होती. जानेवारी १८१९ मध्ये त्याने सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. दूरदूरचे कारागीर आणविले. आणि २,७०० पौंड, म्हणजे जुन्या गॅझेटियरच्या हिशेबाने २७ हजार रुपये, खर्चून इमारती उभ्या केल्या. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जो कोणी येथे येऊन घर बांधील त्यास जागा कायमची बिनसाऱ्याने दिली, आणि पक्के घर बांधण्यासाठी तगाईही दिली. ही सवलत परक्यांस होती, तशीच मूळच्या गावकऱ्यांसही होती.

ब्रिग्ज काही धर्मात्मा नव्हता. सारा वसूल व्हावा आणि बंडाळी मोडावी हेच त्याचे प्रयोजन. व्यापारी वसल्यावाचून दोन्ही साधत नाही, इतके शहाणपण मात्र त्याच्यापाशी होते. आणि नुसत्या फुकट जागेने शहर होत नाही. तिजवर घर उभे करून, दुकान मांडून, वाईट दिवसांतही टिकून राहणारी माणसे लागतात. ती आली, म्हणून १८७२ साली, ज्या वर्षी पांझरेच्या महापुराने शहराची मोठी हानी केली त्याच वर्षी, धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ आणि घरे २,६२० भरली. २०११ च्या शिरगणतीत हाच आकडा सुमारे पावणेचार लाखांवर गेला.

आता नदीकडून आग्रा रोडने पाचकंदिलाच्या बाजूस चालू लागावे. हमरस्ता शहराबाहेरून गेल्यामुळे हा जुना रस्ता आता बाजारपेठ होऊन राहिला आहे. येथील गल्ल्यांस नावांऐवजी क्रमांक आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, असा पत्ता धुळेकर सहज सांगतो. या सरळ गल्ल्यांतून चालताना बरोबरच्या मुलांस कोणी ना कोणी हटकून सांगतो, की ही आखणी सर विश्वेश्वरय्यांची. ही समजूत शाळेच्या फळ्यावरही लिहिलेली मी पाहिली आहे. तिचा खरेखोटेपणा पाहण्यास विद्वत्ता लागत नाही, वजाबाकी आली म्हणजे पुरे. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. म्हणजे ब्रिग्जच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्यावर ४२ वर्षांनी. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले १८८४ साली. आणि मुंबई सरकारने खानदेशाचे गॅझेटियर छापले १८८० साली, ज्यात जुने धुळे आणि नवे धुळे असे दोन भाग स्पष्ट सांगितले असून जुन्या भागातील घरे वेडीवाकडी असल्याचे नमूद आहे. तेव्हा नवे धुळे त्यांच्या आगमनापूर्वीच नांदते होते, यात शंका उरत नाही.

मग ही कथा निघाली कोठून? तिच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे. तरुण विश्वेश्वरय्यांचे नोकरीतील पहिले मोठे काम याच जिल्ह्यात, पांझरेच्या पाटाचे पाणी नळाच्या वक्रनलिकेने पलीकडे नेण्याचे होते. पुढे नीरेच्या कालव्यावर त्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचविली, तिचे मूळ पांझरेच्या फडांत असावे, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर हिशेब नेमका उलटा होतो. विश्वेश्वरय्यांनी धुळ्यास काय दिले, हे विचारण्याऐवजी धुळ्याच्या कुणब्यांनी त्यांस काय शिकविले, असे विचारावे लागेल. मोठ्या माणसाचे नाव मिळाले की गावाला धन्यता वाटते हे खरे. पण त्या भरात घर बांधणारा वाणी, विणकर आणि पाट राखणारा पाटकरी हे सारे पुसले जातात, याचे मला वाईट वाटते.

जाता जाता ब्रिग्जविषयी आणखी एक नोंद. याच गृहस्थाने फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२९ साली चार खंडांत प्रसिद्ध केला. त्यात खानदेशच्या फारुकी सुलतानांचा वृत्तांत आहे. फारुकींचा लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावरच उभा आहे. स्वतःचे वाहन असेल त्याने तो अवश्य पाहावा. तेथेच लांडोर बंगला आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामी धुळ्यास आले, त्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैस तेथे मोठा समुदाय जमतो.

दुपारचे ऊन चढले, की सावलीत पाहण्याची दोन स्थळे राखून ठेवावीत. पहिले राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापणारा हा पुरुष. यांचे भांडवल म्हणजे पायपीट आणि विक्षिप्तपणाचा लौकिक पत्करण्याची तयारी! कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या बळदात, उंदरांनी अर्धवट कुरतडलेले मोडी कागद त्यांनी आर्जवे करून मिळविले. त्यांच्या पश्चात भास्कर वामन भट प्रभृतींनी १९२७ साली हे मंडळ स्थापन केले. राजवाड्यांचा धातुकोश येथूनच प्रसिद्ध झाला. येथे जुनी हस्तलिखिते, कागदपत्रे आणि मूर्ती आहेत. जाण्यापूर्वी वेळेची चौकशी करावी, आणि मुलांस मोडीचे एक तरी पान जवळून दाखवावे. आपल्या घरी आजोबांच्या पेटीत असे कागद असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा कोणा जाणत्यास दाखवा, ही माझी श्रोत्यांस हात जोडून विनंती आहे.

दुसरे स्थळ श्री समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्यातील वकील. १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली, आणि उभे आयुष्य रामदासी मठांतील पोथ्या गोळा करण्यात घालविले. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत या मंदिरात जपून ठेवली आहे. येथे देवता आहे ती ग्रंथांची. अक्षर कसे असावे हे मुलांना सांगून पटत नाही, ती पाने पाहून पटते.

उतरत्या उन्हात धुळ्याच्या तुरुंगाकडे जावे. आत जाता येत नाही, भिंत बाहेरून पाहावयाची. १९३२ साली या भिंतीआड विनोबा भावे यांनी सहबंदीजनांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीस आरंभ, १९ जूनला समाप्ती. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून भराभर लिहून घेणारे होते साने गुरुजी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत अमळनेरच्या शाळेतील शिक्षक. लघुलिपी नाही, यंत्र नाही, केवळ हात चालता ठेवून त्यांनी ते शब्द टिपले. म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला, आणि पुढे अनेक भाषांत गेला. शिक्षकी पेशातला म्हणून म्हणा, पण मला त्या अठरा रविवारांत बोलणाऱ्याइतकाच लिहिणाराही दिसत राहतो.

संध्याकाळी आग्रा रोडवर परतून शेवभाजी आणि भाकरी खावी; तिखट सोसत नसेल त्याने आधीच सांगावे. परतीस एस. टी. आहेच. पण हौशी मंडळींनी वेळापत्रक पाहून चाळीसगावची आगगाडी धरावी. मुंबईहून निघालेला मुख्य लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात चाळीसगाव, पाचोरे, जळगाव, भुसावळ असा गेला आणि धुळे बाजूस राहिले. त्याच मार्गाने जळगावचे भाग्य उघडले, आणि १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावास आले, पश्चिमेचे धुळ्यास राहिले. धुळ्यापर्यंत फाटा आला तो १९०० साली, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे उशिराने. चाळीसगावास गाडी बदलावी लागते. रात्री जळगावास पोचण्यास उशीर होतो, पण मुले तोवर झोपी गेलेली असतात.