अमेरिकन हायस्कूल आणि परक्या भाषा

एखाद्या राष्ट्राला कोणत्या भाषेविषयीं आदर वाटतो आणि कोणत्या भाषेची त्याला भीति वाटते, हें त्याच्या शाळांच्या वेळापत्रकावरून जितकें स्पष्ट कळतें, तितकें त्याच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवरून कळत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत इंग्रजी हा सर्वांना आवश्यक विषय होता. परकी भाषा मात्र बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्यास मुळींच येत नव्हती. जो देश नाना भाषा बोलणाऱ्या लोकांनीं वसविला, त्याच्या शाळांची अशी स्थिति कां झाली, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम इंग्रजीच्या तासाकडे पाहूं. व्याकरण, वाङ्मय आणि निबंधलेखन अशीं त्याचीं तीन अंगें होतीं. व्याकरणांत वाक्यपृथक्करणाला मोठा मान असे. रीड आणि केलॉग यांनीं १८७७ सालच्या आपल्या पुस्तकांत आडव्यातिरप्या रेघांवर वाक्याचे अवयव मांडून दाखविण्याची जी पद्धति प्रचारांत आणली, ती पाऊणशें वर्षांनंतरही फळ्यावरून पुसली गेली नव्हती. वाङ्मयाची कथा अशीच. कॉलेजांच्या प्रवेशासाठीं सर्वत्र एकच पुस्तकें असावीं म्हणून १८९४ पासून परिषदा भरूं लागल्या; त्यांच्या याद्यांमुळें शेक्सपिअरचें ‘ज्यूलियस सीझर’ आणि जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ हीं पुस्तकें वर्गांत जीं ठाण मांडून बसलीं, तीं पिढ्यान्‌पिढ्या हललीं नाहींत.

खरें दुखणें निबंधलेखनाचें होतें. इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचें मासिक १९१२ सालीं निघालें. त्याच्या पहिल्याच अंकांत एडविन हॉपकिन्स यांनीं प्रचलित परिस्थितींत लेखन नीट शिकवितां येईल काय, असा प्रश्न केला आणि आरंभींच नकारार्थी उत्तर दिलें. तपासावयाच्या वह्यांचा ढीग एका माणसाच्या शक्तीबाहेरचा आहे, हें त्यांचें म्हणणें. १९५९ सालीं हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनीं हायस्कुलांची पाहणी करून ग्रंथ लिहिला. त्यांतही इंग्रजीचा निम्मा वेळ लेखनाला द्यावा, आठवड्यास सरासरी एक निबंध लिहवून घ्यावा व एका शिक्षकाकडे शंभरांहून अधिक विद्यार्थी नसावेत, हीच शिफारस होती. सत्तेचाळीस वर्षांत तक्रार बदलली नाहीं. त्यांत भर अशी कीं, रिचर्ड ब्रॅडक व त्यांचे सहकारी यांनीं तोंवर झालेलें सारें संशोधन तपासून १९६३ सालीं असा निर्णय दिला कीं, औपचारिक व्याकरणाच्या शिक्षणानें लेखन सुधारतें असें दिसत नाहीं. उलट लेखनाचा वेळ खाऊन तें अपायच करूं शकतें.

तथापि या तासानें एक मोठें कार्य केलें, हें कबूल करणें न्यायाचें होईल. इटालियन, पोलिश, ग्रीक, यिद्दिश अशा भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलें त्या एका तासाला एका बाकावर बसलीं आणि त्यांना नोकरीची, न्यायालयाची व वर्तमानपत्राची समाईक भाषा मिळाली. आमचा आक्षेप त्यांना इंग्रजी दिल्याबद्दल नाहीं; तें देतांना त्यांच्याजवळचें जें काढून घेतलें, त्याबद्दल आहे.

परक्या भाषांचा ऱ्हास आंकड्यांवरून पाहावा. १९०० सालीं हायस्कुलांतील शंभर विद्यार्थ्यांपैकीं सुमारें पन्नास लॅटिन शिकत. पहिलें वर्ष व्याकरण, दुसरें सीझर, तिसरें सिसेरो आणि चौथें व्हर्जिल असा तो ठरलेला क्रम होता. १९४९ च्या सुमारास लॅटिन शिकणारे शेंकडा आठ उरले. अर्वाचीन परकी भाषा १९१५ सालीं शेंकडा छत्तीस विद्यार्थी शिकत. १९४९ पर्यंत ते चौदांच्या आंत आले. या घसरणीचें एक कारण निर्दोष आहे. १८९० सालीं सार्वजनिक हायस्कुलांत अवघे दोन लक्ष विद्यार्थी होते. १९४० सालीं ते सहासष्ट लक्षांच्या घरांत गेले. कॉलेजास जाणाऱ्या मूठभरांची शाळा सर्वांची झाली, आणि शेतकऱ्याच्या व कामगाराच्या मुलाला व्हर्जिल कशाला, असा प्रश्न साहजिकच निघाला. १९४५ सालीं चार्लस प्रॉसर यांनीं तर बहुसंख्य विद्यार्थ्यांना पुस्तकी विषयांऐवजीं जीवनोपयोगी शिक्षण द्यावें असा ठरावच मांडला.

परंतु दुसरें कारण निर्दोष नव्हतें. १९१५ सालीं शेंकडा चोवीस विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ सालीं शेंकडा एकही उरला नाहीं. पहिल्या महायुद्धांत जर्मनीशीं वैर जडलें आणि त्या वैराचा सूड भाषेवर उगविण्यांत आला. नेब्रास्का संस्थानानें १९१९ सालीं कायदा केला कीं, आठवी इयत्ता पार पडेपर्यंत कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवूं नये. १९२० सालीं एका ल्यूथरपंथी शाळेंतील शिक्षक रॉबर्ट मायर यांनीं दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमधून बायबलांतील कथा वाचून घेतली, एवढ्या अपराधाबद्दल त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. १९२३ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा घटनाबाह्य ठरविला. मायर जिंकले, पण जर्मन भाषा हरलीच. १९४९ सालींही ती शिकणारे शेंकडा एकाच्या आंतच होते.

स्पॅनिशची कहाणी याहून विलक्षण आहे. जर्मनची रिकामी जागा पुष्कळ अंशीं तिनें घेतली आणि १९४९ सालीं शेंकडा आठ विद्यार्थी शिकत असल्यानें अर्वाचीन भाषांत ती पहिली ठरली. पण टेक्सासमध्यें १९१८ च्या कायद्यानें शाळेचें माध्यम इंग्रजीच ठरविलें होतें, आणि तेथील अनेक शाळांत मेक्सिकन वंशाचीं मुलें खेळाच्या मैदानावर स्पॅनिश बोललीं तरी त्यांना शिक्षा होई. त्याच संस्थानाच्या हायस्कुलांत स्पॅनिश हा विषय गुण देऊन शिकविला जात होता. ज्या मुलाला ती आईकडून मिळाली, त्यानें ती गिळावी. ज्याला मिळाली नाहीं, त्यानें ती पुस्तकांतून घोकावी, असा हा न्याय होता.

घोकणेंही अल्पजीवी असे. बहुतेक विद्यार्थी दोन वर्षेंच भाषा घेत. म्हणून १९२९ च्या कोलमन अहवालानें बोलण्याचा नाद सोडून वाचनावर भर द्यावा असें सुचविलें. मग दुसरें महायुद्ध आलें आणि सैन्याला बोलणारीं माणसें हवीं झालीं. १९४३ सालीं विद्यापीठांतून खास वर्ग निघाले; लहान लहान गट आणि समोर ती भाषा जन्मतः बोलणारा मनुष्य, अशी त्यांची रचना होती. शाळांनीं त्यापासून तत्काळ बोध घेतला नाहीं. तो घेण्यास रशियाचा उपग्रह लागला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं स्पुटनिक आकाशांत गेला आणि २ सप्टेंबर १९५८ रोजीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर आयझेनहॉवर यांची सही झाली. विज्ञान व गणित यांच्या जोडीस अर्वाचीन भाषा येऊन बसल्या. ध्वनिमुद्रण यंत्रांच्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि मुलें कानांना यंत्र लावून संवाद तोंडपाठ करूं लागलीं. भाषा आतां संरक्षणाचें साहित्य झाली होती.

या खटाटोपांतील विसंगति जोशुआ फिशमन यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत नेमकी दाखविली: घरोघर जिवंत असलेल्या भाषा राष्ट्र मरूं देतें, आणि त्याच भाषा शाळेंत मोठ्या खर्चानें पुन्हा पेरूं पाहतें. १९६८ सालीं द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला, तोंवर कित्येक कुटुंबांत आजी आणि नात यांच्यामध्यें दुभाष्याची गरज उत्पन्न झाली होती.

अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आज सुटीच्या दिवशीं मुलांसाठीं मराठी शाळा चालवितात. नेब्रास्कांतील जर्मन शेतकऱ्यांची धडपड याहून निराळी नव्हती. त्यांच्या शाळा भीतीनें मोडल्या; या शाळांना तसें भय आज नाहीं. म्हणून या शाळा चालल्या नाहींत, तर दोष कायद्यावर टाकतां येणार नाहीं. मूल शाळेंतून आल्यावर त्याच्याशीं घरांत कोण मराठींत बोलतो, यावरच तें ठरेल.