परतीचं तिकीट

आमच्या घरात सहल आधी वहीत होते, मग प्रत्यक्षात. दोन रात्रींच्या महाबळेश्वरसाठी मी एकदा अकरा पानं भरली होती आणि त्यात 'स्वेटर (दोन)' हा मजकूर चार वेळा आला होता. तरीही स्वेटर घरीच राहिले, ही गोष्ट वेगळी; पण आमच्या हिला ती वेगळी वाटत नाही.

यंदा मी दोनशेपानी वही आणली, कारण जायचं होतं त्रिनिदादला. व्याह्यांकडे!

व्याही पुण्यातच, फार तर साताऱ्याला असावेत, असा आमच्या कुळाचा शिरस्ता. पण आमचे चिरंजीव २०१२ साली 'बाबा, दोनच वर्षं' असं सांगून टोरोंटोला गेले, आणि ती दोन वर्षं अजून चालूच आहेत. मध्यंतरी तिथंच त्यांनी त्रिनिदादच्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. व्याह्यांना आम्ही फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही बहुधा अर्धं कपाळ. आता त्यांचं बोलावणं आलं. "कार्निव्हलला या!"

मला त्रिनिदाद ठाऊक होतं ते क्रिकेटपुरतं. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथंच, पोर्ट ऑफ स्पेनला. सरदेसाईंचं शतक, आणि गावसकर नावाच्या मुलाची पहिली कसोटी. त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत त्यानं १२४ आणि २२० काढले. शाळेत आम्ही ते आकडे पाढ्यांपेक्षा चोख म्हणत असू. पण एवढ्या भांडवलावर व्याह्यांसमोर किती वेळ बसणार? म्हणून मी वाचायला घेतलं आणि वहीत चार कलमं घातली.

कलम पहिलं : कधी जावं. कार्निव्हल म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ सुरू होण्याआधीचे सोमवार-मंगळवार. उपासाआधी चापून घ्यावं, हे तत्त्व आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. हा सण तिथं फ्रेंच मळेवाल्यांनी आणला. साहेब लोक मुखवटे घालून नाचायचे आणि गुलामांनी ऊस तोडायचा, अशी कामाची वाटणी होती. उसाला आग लागली की गुलामांना मशाली देऊन, चाबूक ओढत रात्री-बेरात्री बाहेर काढत. १८३८ साली ते पुरते मोकळे झाले, आणि तीच मशालींची मिरवणूक त्यांनी कार्निव्हलमध्ये सोंग म्हणून काढली. ज्या गोष्टीनं रडवलं, तिचीच नक्कल करून नाचायचं! १८८१ साली पोलीस ती थांबवायला गेले, तर भर रस्त्यात दंगल झाली. १८८४ साली सरकारनं ढोलांवर बंधनं घातली. लोकांनी बांबू आपटले. पुढं बिस्किटांचे डबे वाजवले, आणि १९४० च्या आसपास तेलाची रिकामी पिंपं ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. आज जग ज्याला स्टीलपॅन म्हणतं, ते हे वाद्य. आमच्या सोसायटीत गणपतीच्या ढोलाविरुद्ध तीन अर्ज दिलेला माणूस मी. हे वाचून चौथा अर्ज फाडला. न जाणो, उद्या पिंपं आणतील!

कलम दुसरं : खाणंपिणं. हिला फक्त एकच चिंता. "त्यांच्याकडं पोळी असते का हो?" मी सांगितलं, "असते. डाळ भरलेली. दालपुरी म्हणतात."

"म्हणजे पुरणपोळी!"

"गूळ नसतो."

ही बराच वेळ गप्प बसली. साखरेसाठी वसवलेल्या बेटावर गोडाशिवाय पुरण, हे काही तिच्या पचनी पडेना.

कलम तिसरं : व्याही मुळात तिथं गेले कसे. गुलामी संपल्यावर मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदी माणसं घेऊन बेटाला लागलं. कलकत्त्याहून तीन महिन्यांवर प्रवास! १९१७ पर्यंत असे सुमारे दीड लाख लोक गेले, बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले. त्यांना गोळा करणारे दलाल म्हणजे अरकाटी. ते त्रिनिदादला 'चिनीदाद' म्हणत, असं तिथं अजून सांगतात. चिनी म्हणजे साखर, जागा गोडच असणार! कागदावर अंगठा उमटला की पाच वर्षं मळ्याला बांधलेले. परवान्याशिवाय मळ्याबाहेर दिसलं तर तुरुंग.

ही प्रथा बंद करावी म्हणून १९१२ साली वरिष्ठ कायदे मंडळात ठराव मांडला तो आपल्या नामदार गोखल्यांनी. सरकारी मतांनी तो पडला. गोखले १९१५ ला गेले, आणि जहाजं थांबली १९१७ ला. फर्ग्युसन रस्त्याला त्यांचं नाव आहे. मी त्या रस्त्यावर चाळीस वर्षं फक्त डोसा खाल्ला.

फोनवर व्याह्यांना हे ऐकवलं, तर ते म्हणाले, "माझा आजा १९०८ ला आला." ते इंग्रजीतच बोलत होते, पण शब्द 'आजा' हाच होता. आजीला आजीच म्हणतात. मागं कुठं तरी लग्नाची वरात चालली होती, आणि वाजत काय होतं? ताशा! नावही ताशाच. एवढा समुद्र ओलांडून बाकीचं बरंच विरघळलं, पण आजी आणि ताशा टिकले.

कलम चौथं : परतीचं तिकीट. ह्या कलमाला मी नेहमी दोन पानं देतो. परतीचं हातात असल्याशिवाय मी पुणे स्टेशनच्या पायऱ्या चढत नाही. वाचलं तर त्या मजुरांनाही कबुली होती : दहा वर्षं बेटावर काढली की परतीच्या प्रवासाची सोय. आधी फुकट, पुढं पुढं भाड्यातला हिस्सा मजुराच्याच खिशातून. मध्यंतरी काहींनी त्याऐवजी जमीन घेतली. काही परतले, पण बहुसंख्य राहिलेच. व्याही म्हणाले, "आजाचा तो करार आमच्या पेटीत आहे. पाच वर्षांत येतो, असं तो आईला सांगून निघाला होता."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "त्या माउलीनं किती वर्षं वाट पाहिली असेल हो?"

मी उगाच वहीची पानं चाळली. भिंतीवर चिरंजीवांचा २०१२ सालचा विमानतळावरचा फोटो आहे. हातात परतीचं तिकीट असलेलं पाकीट, आणि चेहऱ्यावर दोनच वर्षं. त्या तिकिटाचं पुढं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. आजाचा कागद निदान पेटीत तरी आहे.

"आपलं परतीचं किती तारखेचं काढू?" मी विचारलं.

"तुम्हाला हवं ते काढा," ही म्हणाली, आणि माझ्या हातातली वही ओढून घेऊन कलम दुसऱ्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'विहीणबाईंसाठी गूळ, दोन किलो. विसरू नये.'

खाली दोन रेघाही मारल्या. स्वेटरच्या अनुभवावरून असतील.