कड्यापासून दूर गेलेली दोन वर्षे

इतिहास शिकविताना आम्ही मास्तर मंडळी एक अन्याय हटकून करतो. लढाईला अर्धा तास देतो, आणि फौजा छावणीत बसल्या ते चार महिने ‘पुढे पावसाळा संपताच’ एवढ्या तीन शब्दांत उरकतो. घोड्यांच्या पाठी कधी बऱ्या झाल्या, माणसे पोटभर कधी झोपली, हे परीक्षेला येत नाही. असाच अन्याय प्रस्तरारोहणाच्या, म्हणजे उभे कडे चढण्याच्या विद्येच्या इतिहासावर झालेला आहे. त्यात कोण कोठे चढला हे सारे लिहून ठेवलेले आहे. कोण कधी थांबला, हे शोधावे लागते.

या विद्येला नवे वळण लागले ते १९७५ साली, जर्मनीतील फ्रांकेन्युरा या चुनखडीच्या टेकड्यांत. कुर्ट आल्बर्ट नावाच्या तरुणाने नियम घातला, की दोर असावा तो पडलो तर जीव वाचविण्यापुरता. त्याला लटकून विसावा घेणे नाही, खिळ्याला धरून वर सरकणे नाही. अशा रीतीने चढलेल्या वाटेच्या पायथ्याशी तो लाल ठिपका रंगवी. हा गृहस्थ पुढे गणित व पदार्थविज्ञानाचा शिक्षक झाला, हे वाचून मला अंमळ अभिमान वाटला हे लपवीत नाही.

पण नियम कडक झाला तसा बोटांवरचा भार वाढला. अमेरिकेत योसेमिटीच्या दरीत जॉन बाकर याने दोराची शिडी तिरपी टांगली आणि पाय अधांतरी सोडून खालच्या बाजूने नुसत्या हातांनी ती चढू लागला. तिला ‘बाकर शिडी’ हेच नाव पडले. तिने पुष्कळांचे दंड भरले, आणि पुष्कळांची कोपरे निकामी केली. जर्मनीत वोल्फगांग ग्युलिख याने १९८८ साली न्युरेम्बर्गच्या ‘कॅम्पस’ नावाच्या व्यायामशाळेत एक कलती फळी उभी केली. तिच्यावर लाकडाच्या अरुंद पट्ट्या, आणि त्यांवरून केवळ बोटांनी उड्या घेत वर जावयाचे. जगभर आज ती ‘कॅम्पस बोर्ड’ म्हणून ओळखली जाते. गंमत पाहा, त्याच १९८८ साली बोलेन या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदाने गिर्यारोहकांच्या हातांच्या दुखापतींवर लेख प्रसिद्ध केला.

दुखापतीचे कारण समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. स्नायूंना रक्त भरपूर, ते काही आठवड्यांत बळावतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्त थोडे. त्यांना महिनोन् महिने लागतात. बोटातील कंडरा हाडाला धरून ठेवण्यासाठी निसर्गाने लहान लहान कड्या घातल्या आहेत. बोटे दुमडून इवल्याशा कंगोऱ्यावर अंग तोलले, की अनामिकेच्या मुळाशी असलेल्या कडीवर प्रचंड ताण येतो. ती तुटते तेव्हा कधी कधी शेजारच्यालाही आवाज ऐकू येतो. तरुण माणसाला स्नायूंची बातमी ताबडतोब मिळते, कंडरांची फार उशिरा. वाढत्या वयाच्या मुलांची तर हाडेच अजून कोवळी. म्हणून अठरा वर्षांखालच्यांनी त्या फळीवर उड्या घेऊ नयेत असे जाणकार डॉक्टर बजावतात.

ही बातमी उशिरा मिळालेला सर्वांत नामांकित तरुण म्हणजे इंग्लंडचा जेरी मॉफट. जन्म १९६३. विशीत त्याने जर्मनीत ‘द फेस’ ही वाट चढली, आणि १९८४ साली डर्बीशायरमधील रेव्हन टॉरच्या कड्यावर ‘रेव्हलेशन्स’. त्या घडीला त्याच्या बरोबरीचे जगात मोजकेच होते. आणि मग कोपरे गेली. सराव आणि अधिक सराव यांचे फळ असे, की उपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, आणि सुमारे दोन वर्षे कडा सुटला. बाविशीतल्या माणसाला दोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याने त्या वयात घरी बसून काढली असतील त्यालाच ठाऊक.

वास्तविक इशारा फार जुना होता. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ नियतकालिकात हान्स सेली याचे एक छोटेसे पत्र आले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, की अतिश्रम करवा. शरीर प्रथम हादरते, मग सावरून जुळवून घेते, आणि ताण तसाच चालू राहिला तर एक ते तीन महिन्यांत कोलमडते. मधली अवस्था फसवी. ती बळाची वाटते, असते उसनवारीची. चढणाऱ्याने ओळखावयाच्या खुणा साध्या आहेत: सकाळी अंथरुणातच नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप तुटक, भूक मंद, माणूस चिडका, आणि मेहनत वाढवावी तसे काम घटते. शेवटची खूण दिसताच बहुतेक जण नेमके उलट करतात. मेहनत आणखी वाढवितात. माझ्या वर्गातील हुशार मुलेही परीक्षेच्या आधी तेच करतात, पण ते असो.

२०१३ साली युरोप व अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या दोन संस्थांनी मिळून निवेदन काढले, त्यात एवढी विज्ञानाची प्रगती होऊनही कबुली अशी, की अतिसराव ओळखण्याची एकही खात्रीची तपासणी नाही. इतर आजार नाहीत ना हे आधी पाहावयाचे. आणि थकवा साधा होता की खोल, हे तो जाण्यास किती काळ लागला यावरूनच ठरते. साध्या थकव्याला दिवस किंवा आठवडे, खोल थकव्याला महिने. उपायही तोच: विश्रांती, पोटभर अन्न, झोप, आणि परतताना पहिल्या दिवसापासून जुने वजन न उचलणे.

मॉफट परतला. १९८९ साली लीड्स येथील जागतिक चषक स्पर्धा त्याने जिंकली, १९९० साली उत्तर वेल्समध्ये ‘लिक्विड अँबर’ चढला. पुढच्याच वर्षी ग्युलिखने ‘ॲक्शन डिरेक्ट’ पुरी केली. ९ए श्रेणीची ती जगातली पहिली चढाई मानली जाते, आणि पुस्तके तिच्यावर पाने खर्चतात. मला अधिक वेळ वाचावेसे वाटते ते मॉफटच्या रिकाम्या दोन वर्षांविषयी. १९९५ साली तो पुन्हा त्याच रेव्हन टॉरखाली उभा होता. त्या वेळी चढलेल्या वाटेचे नाव ‘एव्होल्यूशन’. ती अकरा वर्षांपूर्वीच्या वाटेपेक्षा बरीच अवघड आहे.