एडिटर नंतर, आधी आर कुठे चालतो ते ठरवा

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या पौडमध्ये राहून आर या भाषेत संख्याशास्त्राचं काम करू पाहणाऱ्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. आधी ३२ जीबीचा दणकट लॅपटॉप घे, सगळा डेटा त्यावर उतरव आणि घरच्या घरी काम कर. सर्व्हरवर एडिटर मांडून काम करणं ही कोथरूड-बाणेरच्या फायबरवाल्यांची चैन. इथं पावसाळ्यात वारं सुटलं की लाइट जाते, लाइटमागून राउटर जातो, आणि मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीवर. लाइनच कच्ची, तर दूरच्या यंत्राच्या भरवशावर कशाला राहायचं?

यातली निरीक्षणं खरी आहेत. निष्कर्ष मात्र नेमका उलटा निघतो: ज्याची लाइन कच्ची, त्यानंच काम सर्व्हरवर ठेवायला हवं.

लाइनवरून किती माल जातो, याचा हिशेब आधी मांडू. एक कोटी ओळी आणि वीस स्तंभांचा तक्ता घ्या. दशांश आकड्याला आर ८ बाइट वापरतो. म्हणजे १६० कोटी बाइट, १.६ जीबी. आर हा तक्ता मेमरीत धरतो आणि काम करताना त्याच्या प्रती काढतो, त्यामुळे गरज सहज दुप्पट-तिप्पट होते. लॅपटॉपवाल्या सल्ल्यानुसार हा सगळा माल कच्च्या लाइनवरून पौडला यायचा, आणि मूळ डेटात दुरुस्ती झाली की पुन्हा यायचा. आर सर्व्हरवर चालवला तर लाइनवरून जातात फक्त कळांचे ठोके आणि परत येतो पडदाभर मजकूर. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा म्हणजे १,९२० अक्षरं. बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला तो ३०० बॉडच्या मोडेमवर. सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत त्या म्हणूनच. त्या लाइनपुढे आपल्याकडची सर्वांत रडकी मोबाइल लाइनही राजमार्ग ठरेल.

मुळशीकरांना हे तत्त्व नवं नाही. मुळशी धरणाचं पाणी कुणी टँकरनं मुंबईला नेलं नाही. ते भिऱ्याला उतरवलं, वीज तिथंच केली आणि मुंबईकडे गेली ती फक्त तार. त्या योजनेपायी गावांनी काय गमावलं आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह का झाला, तो विषय वेगळा. पण अवजड वस्तू हलवू नये, हलकी हलवावी, हा हिशेब डेटालाही लागू आहे.

पूर्वपक्षाचा खरा जोर पुढच्या आक्षेपात आहे: लाइन तुटली की चाललेलं गणितही मरतं. नुसत्या एसएसएचनं जोडलं तर हे खरंच घडतं. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू य्लोनेननं लिहिलेलं एसएसएच जोडणी सुरक्षित करतं, टिकाऊ नाही. जोडणी तुटली की तिच्यावर सुरू केलेला आर सहसा तिच्याबरोबर जातो आणि रात्रभराचं सिम्युलेशन पाण्यात. पण यावरचा उपाय २००७ पासून उपलब्ध आहे. टीमक्स हा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर सत्र धरून ठेवतो. आपण फक्त त्याला जोडले जातो आणि सुटतो. पौडची लाइट गेली तरी तिकडे गणित चालू राहतं. त्याला २०१२ मध्ये एमआयटीतून आलेल्या मॉशची जोड दिली तर वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी जोडणी शाबूत राहते, आणि टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पडद्यावर उमटतं. मॉशला सर्व्हरवर यूडीपीची दारं उघडी लागतात. जिथं ती बंद असतील तिथं एसएसएच आणि टीमक्स पुरतात. आता उलट बाजू पाहा: लॅपटॉपची बॅटरी संपली तर लॅपटॉपवरचं गणित कोण वाचवणार?

राहिला एडिटर. एक मत असं की काळ्या पडद्यावरचाच एडिटर खरा. तेही मला मान्य नाही. व्हीएस कोडची दूरजोडणी २०१९ मध्ये आली; तिच्यात टायपिंग लॅपटॉपवरच होतं, म्हणून अक्षर अडखळत नाही. आरस्टुडिओ सर्व्हर ब्राउझरमध्ये उघडतो, ब्राउझर बंद केला तरी सत्र सर्व्हरवर राहतं, आणि नवख्याला तोच सोपा. पण व्हीएस कोड आपला एक भाग सर्व्हरवर उतरवतो. जानेवारी २०२४ च्या आवृत्तीनं लिनक्सची नवी मूळ लायब्ररी मागितली, तेव्हा जुन्या सर्व्हरवाल्यांची पंचाईत झाली. पुण्यात आयसरमध्ये २०१९ पासून असलेल्या परम ब्रह्मसारख्या सामायिक यंत्रावर लॉगिन नोड सगळ्यांचा असतो. जड काम स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेतूनच द्यायचं असतं. तिथं एडिटरचे मदतनीस जितके कमी, तितकं बरं. एडिटर आवडीचा घ्या. व्हीएस कोड असला तरी आर मात्र त्याच्या टर्मिनलमधल्या टीमक्समध्ये चालवा.

पूर्वपक्षाचे दोन मुद्दे उरतात. आलेख दुरून पाहणं कटकटीचं आहे. तो फाइलीत साठवून तेवढी छोटी फाइल उघडावी. दुसरा मुद्दा अंतराचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. त्यामुळे निवड आपल्या हातात असेल तर सर्व्हर पुण्या-मुंबईत घ्यावा.

लॅपटॉपवाल्यांच्या हिशेबात न येणारी आणखी एक बाब आहे. आरोग्य-पाहणीचा डेटा लॅपटॉपवर असेल आणि ती पिशवी बसमध्ये राहिली, तर माणसांची नावं आणि आजार बसमध्ये राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा नुसत्या हळहळीचा विषय उरलेला नाही.

म्हणून मांडणीचा क्रम असा. आधी एसएसएचच्या किल्ल्या: खासगी किल्ली लॅपटॉपवर, सार्वजनिक सर्व्हरवर. मग टीमक्स आणि त्यात आर. पॅकेजांच्या आवृत्त्या आरएन्वनं बांधून ठेवायच्या, प्रोग्राम गिटमध्ये. एडिटर सगळ्यांत शेवटी. मांडणी जमली की नाही, याची कसोटी सोपी आहे: लांबचं गणित सुरू करा, लॅपटॉप मिटा, पिरंगुटला उतरून मोबाइल डेटावरून त्याच सत्राला जोडा. गणित पुढे सरकलेलं दिसलं तर ३२ जीबीचे पैसे वाचवा आणि त्यातून राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या.