परसातील मांजर आणि शेजारधर्म

दुसऱ्याच्या वावरात शिरून पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी आपल्याकडील कायद्यात पुष्कळ बारकाईने तजवीज केलेली आहे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने कोंडवाड्यांची व्यवस्था लावून दिली, शेतकऱ्याला असे जनावर धरून तेथे पोचते करण्याचा अधिकार दिला, आणि दंड व चारापाण्याचा खर्च भरल्यावाचून मालकाला ते सोडवून नेता येणार नाही असे ठरवून टाकले. ‘गुरे’ या शब्दाची त्या कायद्यातील व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. तीत हत्ती आहेत, उंट आहेत, म्हशी, घोडे, शिंगरे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढरे आणि करडेही आहेत. मांजर मात्र नाही. नुकत्याच पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात रोज पहाटे घाण करून जाणाऱ्या शेजारच्या मांजराविषयी कायदा करणाऱ्यांनी एक अक्षरही लिहिले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडले अशी नोंदही कोठे दिसत नाही. हे मौन नजरचुकीचे नव्हे, असे माझे मत आहे. मांजर आणि माणूस यांच्यात जो एक अलिखित करार शतकानुशतके चालत आला होता, त्याची ती मूक कबुली आहे; आणि आज बंगल्या-बंगल्यांच्या कुंपणावरून जी भांडणे होतात, त्यांचे मूळ तो करार मोडला गेला यातच शोधावे लागते.

हा करार समजण्यासाठी जुन्या घरातील धान्याची व्यवस्था डोळ्यांपुढे आणली पाहिजे. देशावर जमिनीत पेव असे, घरात बळद असे, कोठीच्या खोलीत शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणग्या ओळीने उभ्या असत, आणि सुगीत भरलेले हे धान्य पुढच्या सुगीपर्यंत कुटुंबाला, गड्याला, बलुतेदारांना आणि आल्यागेल्याला पुरवायचे असे. वर्षाची बेगमी जेथे एका छपराखाली, तेथे उंदीर ठरलेलाच. सारवणाला एका रात्रीत बोटभर भोक पडले म्हणजे जोंधळ्याची धार लागे, आणि जेवढे खाल्ले जाई त्याहून जास्त लेंड्यांनी नासून जाई. या शत्रूविरुद्ध घराजवळ एकच भरवशाचे साधन होते, आणि ते साधन कोणा एकाचे नव्हते. ज्या घरात मांजर व्याली त्या घरची ती, एवढाच काय तो मालकीचा अर्थ. एरवी ती पाटलांच्या बळदावरून कुळकर्ण्यांच्या माळ्यावर, तेथून वाण्याच्या वखारीत आणि तेथून आणखी कोणाच्या परसात, अशी साऱ्या आळीची चाकरी करीत फिरे. उपकार सर्वांवर होता, म्हणून उपद्रवही सर्वांनी सोसायचा, आणि परसातील एखादा कोपरा तिने आपला मानला तर त्यावर फिर्याद करायची नाही, अशी ही वहिवाट होती.

या वहिवाटीला धर्माचा आधारही भक्कम मिळाला होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत तर महाराष्ट्रातील घराघरांत लहान पोरालाही पाठ असे. षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले जाते, आणि आपल्याकडे सटवाई म्हणून बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा होते तिचे नाते याच षष्ठीशी जोडले जाते. तेव्हा लेकुरवाळ्या घरातून मांजरावर सहसा कोणी लाकूड उगारीत नसे. सोन्याच्या मांजराचा धाक घालणाऱ्या त्या अनामिक पूर्वजाला धान्याच्या कोठीचे अर्थशास्त्र उत्तम कळत होते, यात मला तिळमात्र संशय नाही.

मांजराने नेमकी बागच का निवडावी, याचेही उत्तर इतिहासातच आहे, पण तो इतिहास माणसाच्या लिखित इतिहासाहून फार जुना आहे. जगातील सगळी घरगुती मांजरे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका या भागांतील रानमांजरांच्या वंशातील आहेत, हे आता जनुकांच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडले आहे, म्हणजे हे साहचर्य जवळजवळ शेतीइतकेच जुने. कोरड्या, रेताड मुलखातील या प्राण्याला भुसभुशीत माती उकरण्याची आणि विष्ठा झाकण्याची सवय उपजतच असते. माळी काय करतो? जमीन खणतो, ढेकळे फोडतो, खडे वेचतो, कुजलेले खत मिसळतो, आणि वाफा हाताने सारखा करतो. मांजर येते, एक-दोन ठिकाणी हुंगते, पुढच्या पंजाने वीतभर खळगा करते, वळून बसते, कान मागे वळवून कानोसा घेते, आणि मग मान फिरवून पुन्हा पुन्हा माती ओढते. त्या ओढण्यात कालच उगवलेले मेथीचे दोन पानांचे अंकुर मुळासकट उलथतात. माळ्याने बियाण्यासाठी जी शय्या तयार केली, तीच मांजराच्या हजारो वर्षांच्या वारशाला हवीशी भूमी आहे. यात कुरापत नाही आणि द्वेषही नाही, हे समजले तरी पहाटे वाफ्यात हात घालणाऱ्याची किळस काही कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

मांजराच्या या सार्वजनिक चाकरीची शास्त्रीय मोजदाद एकदा झाली, आणि ती आपल्या वऱ्हाडात झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या त्या दाट वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे काय झाले ते महाराष्ट्राला सांगायला नको. साथीच्या रोगांचा १८९७ चा कायदा, पुण्यातील घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र आणि रँडचा वध, हा सारा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्या धामधुमीत मागे पडलेली गोष्ट अशी की, १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविले, पुढील दशकात मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत त्याला पुष्टी मिळाली, आणि सरकारी यंत्रणा उंदरांच्या मागे लागली. सापळे आले, विष आले, मेलेल्या उंदरांची दप्तरे तयार झाली. अशा वेळी अमरावती येथे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी एक साधा प्रश्न विचारला: काही गावांत प्लेग वारंवार येतो आणि शेजारच्या काही गावांत तो फिरकत नाही, याचे कारण काय? त्यांनी गावोगाव मांजरांची खानेसुमारी करविली.

मला या खानेसुमारीचे चित्र फार मोलाचे वाटते. घरे मोजावीत, माणसे मोजावीत, बैलजोड्या मोजाव्यात, हा कारकुनी रिवाज जुनाच होता. पण अमुक घरात मांजर आहे की नाही, असे दारोदार विचारीत फिरण्याची वेळ त्यापूर्वी गावच्या दप्तरावर क्वचितच आली असेल. निष्कर्ष ब्युकॅननांच्या मते स्पष्ट होता: जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग नाही किंवा अगदी थोडा, आणि जेथे मांजरे विरळ तेथे त्याचा कहर. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजर हे प्लेगनिवारक आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेपही होते, आणि ते खोटे नव्हते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून तो माणसाला लागू शकतो, हे आज निर्विवाद आहे. तथापि सापळा एक उंदीर धरून थांबतो आणि मांजर रोज रात्री पुन्हा कामावर हजर होते, हा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या अनुभवाचा भाग त्या मोजणीने प्रथमच कागदावर आला. त्याच वर्षी जपानच्या भेटीस गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही प्लेग रोखण्यासाठी मांजरे पाळण्याचा सल्ला दिला, आणि तेथे मांजर पाळण्याला सरकारी उत्तेजन मिळाले.

हा सन्मान टिकला नाही, याचे कारण मांजरात शोधू नये. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आले, आणि वर्षाची बेगमी करणारे घर हळूहळू आठवड्याच्या पिशवीवर आले. पेवे बुजली, बळदाच्या खोल्या भाडेकरूंना गेल्या, कणग्यांच्या जागी पत्र्याचे डबे आले. धान्य घराबाहेर गेले तशी मांजराची चाकरी संपली. पुढे मांजर पाळले जाऊ लागले ते मायेपोटी, आणि माया ही खासगी वस्तू आहे. तिचे सुख एका घराला मिळते आणि तिची घाण दुसऱ्याच्या वाफ्यात पडते. शेजाऱ्याचा संताप येथून सुरू होतो, आणि तो मला पूर्णतः न्याय्य वाटतो, कारण ज्या उपकाराच्या बदल्यात त्याच्या आजोबांनी हा उपद्रव सोसला होता तो उपकार त्याच्या वाट्याला आता येत नाही.

कायदा मात्र जुन्या कराराच्या बाजूनेच राहिला. इंग्लंडमध्ये १९२६ साली ‘बकल विरुद्ध होम्स’ हा दावा अपील न्यायालयापुढे आला. एकाचे मांजर शेजाऱ्याच्या आवारात शिरले आणि त्याने कबुतरे व छोट्या जातीच्या कोंबड्या मारल्या, अशी तक्रार होती. न्यायालयाने निवाडा दिला की, मांजराने आपल्या जातीच्या स्वभावाला अनुसरून केलेल्या कृत्याबद्दल मालकावर नुकसानभरपाईचा बोजा पडत नाही. गाय शेजाऱ्याच्या शेतात गेली तर मालक जबाबदार, मांजर गेले तर नाही, हा भेद इंग्रजी विधिपरंपरेत पूर्वापार आहे. जिवंत पक्षी मारले गेले तरी भरपाई नाही, तेथे उकरलेल्या वाफ्याची काय कथा!

कायद्याने जे केले नाही ते अमेरिकेतील एका व्यापाऱ्याच्या मुलाने केले, आणि तेही शेजाऱ्याच्याच निमित्ताने. मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस या लहान गावी एडवर्ड लो हे वडिलांच्या धंद्यात होते. कारखान्यांतील जमिनीवर सांडलेले तेल टिपण्यासाठी भुसा, वाळू आणि मातीचे रवे पुरविणे हा तो धंदा. १९४७ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीने शेजारणीचा वाळूचा ढीग गोठला होता. मांजरासाठी ती राख वापरू लागली, तर राखेचे पंजे घरभर उमटू लागले. ती वाळू मागायला आली आणि लो यांनी तिला भाजलेल्या मुलतानी मातीचे रवे दिले. ते तिला इतके पसंत पडले की ती पुन्हा तेच मागायला आली. लो यांनी पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, त्यांवर हाताने नाव लिहिले आणि पासष्ट सेंट किंमत ठरवून दुकानात नेल्या. वाळू इतकी स्वस्त असताना हे कोण घेणार, असे दुकानदार म्हणाला, तेव्हा फुकट देऊन टाका, असे त्यांनी सांगितले. गिऱ्हाइके पैसे देऊन घ्यायला परत आली. आपल्या आयाबहिणी जी माती तोंडाला आणि केसांना लावीत आल्या, त्याच मातीने मांजराचा कोपरा परसातून उचलून घरात आणून ठेवला. शेजाऱ्यांच्या बागेवरील ताण जर कोणत्या एका शोधाने खरोखर हलका केला असेल, तर तो याच शोधाने.

आरोग्याची बाजू पुढे उघडकीस आली, तिचाही उल्लेख येथे केला पाहिजे. टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी १९०८ मध्येच ट्युनिस येथे प्रथम वर्णिला गेला होता. परंतु तो मांजराच्या विष्ठेवाटे मातीत उतरतो, हे १९७० च्या सुमारास निश्चित झाले. ताज्या विष्ठेतील बीजे लगेच संसर्गक्षम नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराच टळतो. गर्भवती स्त्रियांनी अशा मातीत हात घालू नये, इतरांनी हातमोजे घालावेत, आणि वाफ्यातील पालेभाजी वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावी. शेजारच्या घरी तक्रार घेऊन जाणाऱ्याने ही गोष्ट सांगितली, तर तिचा उपयोग रागाच्या शब्दांहून अधिक होतो.

उपायांचा इतिहासही लांबलचक आहे, पण त्यातील बहुतेक उपाय भाबडे आहेत. महाराष्ट्रातील शहरांत लाल किंवा निळे पाणी भरलेल्या बाटल्या दारापुढे ओळीने मांडलेल्या दिसतात, त्या मुख्यतः कुत्र्यांसाठी. जपानमध्येही मांजरांसाठी पाण्याच्या बाटल्या कुंपणालगत ठेवण्याची प्रथा पसरली, आणि सूर्याचे किरण त्यांतून एकवटून आगी लागल्याच्या घटना घडल्यामुळे तेथील अग्निशमन खात्याला सावधगिरीचे इशारे द्यावे लागले. मांजर त्या बाटल्यांना भीत नाही. जुन्या माळ्याचा उपाय मात्र आजही लागू पडतो: पेरणी होताच वाफ्यावर बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी शिरी आडव्या पसराव्यात, नाहीतर बांबूच्या कामट्या चार-चार बोटांवर रोवाव्यात, संध्याकाळी पाणी देऊन माती ओली ठेवावी, आणि रोपे हातभर झाली की आच्छादन काढावे. मांजराला कोरडी व मोकळी जागा लागते. दोन्ही हिरावल्या की ते दुसरीकडे जाते. विष घालणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप होते.

परंतु ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तेथे माळ्याची जबाबदारी संपून मांजर पाळणाऱ्याची सुरू होते. ज्याने दूध घालून मांजर आपलेसे केले, त्याने आपल्याच आवारात, भिंतीच्या आडोशाला, दोन हात लांबरुंद आणि वीतभर खोल असा कोरड्या वाळूचा खळगा करून द्यावा, त्यावर पत्र्याचा एक तुकडा उतरता टाकावा म्हणजे पावसाळ्यात तो भिजणार नाही, रोज सकाळी खुरप्याने तो साफ करावा, आणि महिन्याकाठी वाळू बदलावी. एवढी व्यवस्था झाल्यावर मांजर पलीकडच्या ओल्या, काटेरी वाफ्याकडे सहसा वळत नाही. आणि ज्या आळीत मांजर अजूनही कोणा एकाचे नाही, जेथे ते चार घरी जेवते आणि पाचव्या घरी विते, तेथे हा खळगा सामाईक जागेत करून वाळूचा खर्च त्या पाची घरांनी वाटून घ्यावा.